मोठा पीस पदरात कसा पाडावा
(मंडईला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका)

१. ही मार्गदर्शिका कशासाठी

दिवाळीचा चिवडा मऊ पडायच्या आत भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. भाऊबीज झाली की आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. घर सोयऱ्यांनी भरतं. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. 2014 साली न्यायालयाच्या निकालाने पट थांबले होते. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि पाव्हणपणाचा मौसम पूर्वीसारखा लांबला. पाळणे, फुगे, जिलेबी हे सगळं पोट्ट्यांसाठी असतं. समजदार माणूस मंडईला मटणासाठी जातो.

अडचण एवढीच की मटण एका गंजात शिजतं आणि पाव्हणे गंज पाहून येत नाहीत. दोन सोयरे जास्त आले तर रस्सा वाढवता येतो, पीस वाढवता येत नाहीत. मग मोठा पीस कोणाच्या पत्रावळीवर पडणार? धानाच्या रोवणीपासून ट्रॅक्टरच्या अनुदानापर्यंत प्रत्येक गोष्टीचं माहितीपत्रक निघतं, या प्रश्नावर मात्र एकाही खात्याने आजवर साधं परिपत्रक काढलेलं नाही. ती उणीव इथे भरून काढली आहे.

२. पूर्वपीठिका

मोठा वाटा घेणं ही आजकालच्या पिढीची खोड नव्हे. एकचक्रा नगरीत पांडव भिक्षा मागून आणत तेव्हा त्यातला अर्धा वाटा एकट्या भीमाचा असे. उरलेल्या अर्ध्यात कुंती आणि चौघे भाऊ. तेवढ्यानेही भीमाचं भागलं नाही. बकासुराकडे अन्नाचा गाडा घेऊन जायची पाळी आली, तेव्हा राक्षस मागून पाठीत बुक्के घालत होता आणि हा पुढे बसून गाडा रिकामा करत होता. धडा सोपा आहे. पाठीवर काहीही पडो, पत्रावळीवरून नजर हटता कामा नये.

साहेबांच्या मुलुखातही हेच चालतं. चार्ली चॅप्लिनच्या 1925 सालच्या ‘द गोल्ड रश’मध्ये दोन उपाशी माणसं बूट उकळून खातात. बूट म्हणजे काही सुरमई नव्हे, तरी वाटणी व्हायची ती होतेच. वरचं मऊ चामडं धिप्पाड जोडीदाराच्या ताटात जातं आणि खिळे ठोकलेला तळ चार्लीच्या. चार्ली एकेक खिळा कोंबड्याचं हाड चोखावं तसा चोखतो. (शूटिंगचा बूट लिकोरिस नावाच्या गोड मिठाईचा होता.)

वाटणीच्या बाबतीत भंडारेकरांचा अनुभव तर सरकारदरबारी नोंदलेला आहे. 1 मे 1999 रोजी जुन्या भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गोंदिया वेगळा निघाला. आज गोंदियाकडे 8 तालुके, आपल्याकडे 7. 2011 च्या जनगणनेत त्यांची माणसं 13 लाख 22 हजार, आपली 12 लाख. नवेगावचा तलाव तिकडे, नागझिऱ्याचं जंगल तिकडे. थोरल्याकडे नाव राहिलं, धाकट्याच्या ताटात नळी पडली. ज्यांना जिल्ह्याच्या वाटणीत मोठा पीस मिळाला नाही, त्यांनी निदान मटणाच्या वाटणीत तरी तयारीने बसावं.

३. मूळ सूत्र

ताटात माशाचे दोन तुकडे. एक मोठा, एक लहान. खाणारे दोघे. पहिल्याने हात घालून मोठा उचलला.

‘‘काहून बे, लाज नाही वाटत? मोठाच उचलला!’’

‘‘तू असता त काय केला असता?’’

‘‘मी? मी त लहानच उचललो असतो.’’

‘‘मंग तुले लहानच भेटला न! बोंबलते कायले?’’

हा विनोद जगात जिथे जिथे दोन माणसं आणि दोन तुकडे आहेत तिथे तिथे सांगतात. अभ्यासकाने मात्र हसून मोकळं होऊ नये. यात पहिला माणूस नवशिका आहे. त्याला तुकडा मिळाला, पण पुढच्या मंडईचं आमंत्रण गेलं. पक्का माणूस मोठा तुकडा घेत नाही. तो आपल्यावर लादला जाईल अशी व्यवस्था करतो. पुढची सर्व कृती या एका सूत्रावर उभी आहे.

४. गणिताच्या नादी लागू नये

‘‘एकाने कापावं, दुसऱ्याने निवडावं, म्हणजे भांडण मिटतं’’ असं सांगणारा एक तरी मास्तर प्रत्येक पंगतीत असतो. दोघांपुरतं ते खरं आहे. तिसरा आला की गणित बिघडतं. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने त्यावर डोकं घातलं आणि 1948 साली वाटणीच्या प्रश्नावर लेख लिहिला. कितीही माणसं असली तरी कोणाला कोणाच्या वाट्याचा हेवा वाटणार नाही, अशी मर्यादित पायऱ्यांची पद्धत सापडायला त्यानंतर 2016 साल उजाडलं. अझीझ आणि मॅकेंझी या दोघांनी ती काढली. त्यांनी सांगितलेली पायऱ्यांची कमाल संख्या विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येहूनही मोठी आहे. तोवर रस्सा थिजेल आणि नाटकाचा तिसरा अंक संपेल. आपल्याकडे हेवा गृहीत धरूनच पंगत बसते.

५. प्रत्यक्ष कृती

पायरी पहिली : जागा. उत्साही माणूस ओळीच्या तोंडाशी बसतो आणि फसतो. वाढणारा बादली भरून येतो तेव्हा वर लाल तर्री तरंगत असते आणि पीस तळाला बसलेले असतात. पहिल्या चारपाच पत्रावळ्यांवर डवला वरूनच फिरतो. त्यांना रंग मिळतो, मटण मिळत नाही. ओळीच्या शेवटीही बसू नये. तिथे पोचेपर्यंत वाढणाऱ्याने उरलेली डोकी मोजलेली असतात आणि त्याचा हात आखडलेला असतो. बादली अर्धी रिकामी होते, डवला तळाला घासल्याचा ‘खर्र’ आवाज येतो, ती जागा आपली. ती ओळखण्यासाठी आधीच्या पंगतीवर उभ्याने नजर ठेवावी. लोकांना वाटेल, भाऊ व्यवस्था पाहत आहेत.

पायरी दुसरी : भांडं. डेलबफ या बेल्जियन अभ्यासकाने 1865 च्या सुमारास एक दृष्टिभ्रम नोंदवला. मोठ्या वर्तुळात ठेवलेलं वर्तुळ आहे त्याहून लहान दिसतं. याचा अर्थ, मोठ्या ताटात तेवढंच मटण कमी दिसतं आणि वाढणाऱ्याला लाज वाटते. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला असल्याने घरात एखादी जुनी परात निघेलच. ती काखेत मारून सोयऱ्याकडे जाण्याचं धैर्य मात्र ज्याचं त्याने आणावं. परात जमत नसेल तर दोन पत्रावळ्या एकमेकींवर थोड्या सरकवून मांडाव्यात. ‘‘एक फाटली होती जी’’ एवढं म्हटलं की पुरे.

पायरी तिसरी : नकार. हा या विद्येचा गाभा. वाढणारा समोर आला की ‘‘नोको जी, नोको’’ म्हणत उजवा हात पत्रावळीवर आडवा धरावा. हात चार बोटं वर हवा आणि तो चटणीच्या बाजूला हवा. मटणाची बाजू उघडी राहिली पाहिजे. बोटांमध्ये फट ठेवावी. पत्रावळीला टेकलेला हात म्हणजे खरा नकार, तो पोट भरल्यावरच वापरायचा. मान हलवताना डोळे बादलीत असावेत. वाढणाऱ्याला कोणता पीस सुचवायचा ते डोळ्यांनीच सांगायचं असतं. तोंडाने सांगितलं की माणूस हावरा ठरतो, डोळ्यांनी सांगितलं की घरचा.

पायरी चौथी : औदार्य. शेजारी इवाई (व्याही) बसले असतील आणि दोघांमध्ये एकच नळी आली असेल तर ती ताबडतोब त्यांच्याकडे सरकवावी. ‘‘तुमी घ्या जी, तुमी मोठे.’’ शंभरातले बहुतेक इवाई ती परत आपल्याकडे सरकवतात. असं तीनदा झालं की चौथ्यांदा मोडतं घेतल्यासारखं करून खावी. धोका एकच आहे. काही इवाई पहिल्याच खेपेला ‘‘बरं’’ म्हणतात. अशा घरी मुलगी देण्याआधीच एकदा जेवून यावं.

पायरी पाचवी : पोट्टा. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा बरोबर न्यावा. आपला नसला तरी चालेल. त्याची पत्रावळ वेगळी मांडावी. लहान लेकरू म्हणून त्याला वेचून मऊ पीस वाढतात आणि त्याला तिखट सोसत नाही. ‘‘अन्न वाया नाही घालवू’’ हा संस्कार त्याच्या देखत कृतीने दाखवणं हे मोठ्यांचं कर्तव्य आहे.

पायरी सहावी : आजार. ही युक्ती धानाच्या मुलुखातच चालते. भाताचा डवला आला की हळू आवाजात म्हणावं, ‘‘भात बंद आहे जी. डॉक्टरनं सांगलं, शुगर आहे.’’ पंगतीत सन्नाटा पसरतो. भौगोलिक मानांकन मिळालेला भंडाऱ्याचा चिन्नोर समोर वाफाळतो आहे आणि माणूस भात खात नाही! यजमानीणबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. ‘‘मंग खाता तरी काय जी तुमी?’’ असं म्हणत त्या स्वतः डवला घेतात आणि तळातून हात फिरवतात. भात आपण नंतर, कोणी पाहत नसताना, पोट्ट्याच्या पत्रावळीवरचा खावा.

६. नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

जावयाने काय करावं? काही नाही. गुमान बसावं. पहिली पाच-सात वर्षं मोठा पीस आपोआप येतो. त्यानंतर दुसरा जावई येतो, तेव्हा पायरी पहिलीपासून सुरुवात करावी.

लग्नात बुफे असेल तर? ही विद्या तिथे वाया जाते. बुफेत मोठा पीस घेणाऱ्याला आडपडदा नसतो. चिमटा हातात, पाठीमागे रांग, कोणाचा आग्रह नाही की कोणाचा नकार नाही. लूट आहे, कला नाही.

सावजी भोजनालयात दोघांनी एक प्लेट मागवली तर? बिल जो देणार त्याने आधी हात घालावा. बिल कोण देणार हे ठरलेलं नसेल तर मोठा पीस घेणाऱ्यावर ते पडतं, हा अलिखित नियम आहे. म्हणून त्या दिवशी भूक लागली नाही म्हणावं.

७. खबरदारी

मासोळीत मोठा तुकडा नेहमीच चांगला नसतो. वैनगंगेच्या काठचा माणूस डोक्याचा तुकडा मागतो आणि बाहेरगावचा पाव्हणा तो ‘‘हाडं फार’’ म्हणून परत करतो. अशा पाव्हण्याच्या शेजारी बसावं.

लाखोरीच्या डाळीत मोठ्या वाट्याचा हट्ट धरू नये. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्लेल्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणं आहेत आणि तिच्या विक्रीवर बरीच वर्षं बंदी होती.

वांग्या-आलूच्या भाजीत सगळ्या फोडी सारख्याच असतात. तिथे कला दाखवणाऱ्याला लोक हसतात.

८. शेवटची पंगत

वरील पायऱ्या नीट केल्या तर मोठा पीस मिळतोच. तो येतो कुठून, हे मात्र कोणतीही मार्गदर्शिका सांगत नाही. खाणाऱ्याला वाटतं, शेजारच्या इवाईच्या पत्रावळीवरचा आपण मारला. इवाई स्वतःला कमी पडू देत नाही. तो ओरडतो आणि त्याला दुसरा येतो. ज्यांनी मालगुजारी तलावाखाली धान केलं आहे त्यांना हा हिशेब ठाऊक आहे. पाटाच्या तोंडाशी असलेल्या बांधीवाल्यांचं पाण्यावरून कितीही भांडण होवो, दोघांचंही धान पिकतं. वाळते ती शेवटची बांधी, आणि तिचा मालक भांडणात कुठेच नसतो.

मंडईच्या रात्री पहिली पंगत पाव्हण्यांची, दुसरी घरच्या माणसांची, मग पोट्टे. सकाळपासून चुलीपुढे बसलेल्या बायका शेवटी बसतात. तोवर नाटकाचा भोंगा वाजलेला असतो, ‘‘चला न लवकर’’ म्हणून बाहेरून हाका सुरू असतात. गंज तिरपा करतात. त्यात रस्सा असतो, तळाला चिकटलेला मसाला असतो, एखादं हाड असतं. तो रस्सा भातावर ओढून घेतात आणि एकमेकींना म्हणतात, ‘‘मले त रस्साच आवडते वो.’’ तिसऱ्या पायरीवर जो नकार शिकवला त्याच्याहून हा नकार पक्का असतो. इथे हात पत्रावळीला टेकलेला असतो आणि पोट भरलेलं नसतं.

तेव्हा या मार्गदर्शिकेचा लाभ घेतलेल्या प्रत्येकाने पुढच्या मंडईला एक काम करावं. पहिली पंगत घरच्या बायकांची बसवावी आणि बादली आपण उचलावी. डवला तळापर्यंत घालावा. ‘‘नोको’’ म्हटलं तरी वाढावं. आणि पाव्हणे कुरकुर करू लागले तर त्यांना हेच पान वाचायला द्यावं.