बंगळूर एका दिवसात: सहलबसमधील मराठी कुटुंबांसाठी नियमावली

ऐतिहासिक शहर एका दिवसात पाहणे ही हौस नव्हे, कवायत आहे. क्योटोत म्हणे गाइड झेंडी उंच धरतो आणि माणसे मुकाट मागे चालतात. बंगळूरच्या बसमध्ये झेंडी नसते, शिट्टी असते. ती वाजते तेव्हा निम्मी मंडळी शहाळेवाल्याशी घासाघीस करत असतात. कुटुंबाची अब्रू राखण्यासाठी पुढील नियम पाळावेत.

१. प्रस्थान. रुमाल टाकून खिडकी धरावी. कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालू नये. याच शहरात शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला तरुण बसकंडक्टर होता, पुढे त्याचा रजनीकांत झाला. कोणाचे काय होईल, सांगता येत नाही.

२. किल्ला. शहराचा संस्थापक केंपेगौडाने १५३७ साली मातीचा बांधला, हैदर अलीने दगडाचा केला. आता दिल्ली दरवाजा आणि थोडी तटबंदी उरली आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रज जिथून आत घुसले, त्या खिंडाराची आठवण सांगणारी पाटी भिंतीवर आहे. तिच्यापुढे चेहरा गंभीर करावा. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात आपण मराठे इंग्रजांच्या बाजूने होतो, हे मुलांना घरी गेल्यावर सांगावे. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला भेटल्या त्या मेअखेर, तो श्रीरंगपट्टणाहून माघारी वळला तेव्हा. त्यामुळे बसकडे उशिरा परतताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आपली परंपरा आहे.

३. जेवण. गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात (स्थापना १९४३) वाढपी मनगटापासून दंडापर्यंत डोशांच्या बशांची चळत रचून येतो. त्याला मध्येच थांबवून "चटणी अजून मिळेल का?" असे विचारू नये. एमटीआर या उपाहारगृहात रवा इडली मागवावी. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा त्यांनी रव्यावर भागवले, असे सांगतात. सांबार गोडसर लागल्यास नाक मुरडू नये. आमटीत गूळ घालणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

४. लालबाग. १८८९ सालचे काचघर बाहेरून पाहावे आणि थेट खडकावर चढावे. हा खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा आहे. गाइड म्हणतो, "ओन्ली टेन मिनिट, सर." त्यातली चार मिनिटे चढण्यात, तीन दम खाण्यात आणि उरलेली "अहो, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय" यात जातात. माथ्यावरच्या केंपेगौडाच्या बुरुजापाशी टेकून पाय चोळायला हरकत नाही, पण खडकावर बदामात नावे कोरू नयेत. तीन अब्ज वर्षे तो त्यांच्यावाचून राहिला आहे.

५. खरेदी. खडकाला दहा मिनिटे देणारा गाइड साड्यांना तासभर देतो. यावर काही जाणकार काका चिडतात. शहाजीराजांची ही जहागीर, इथे त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये काव्य करत होते. राजांचा वाडा दाखवायचे सोडून दुकानात कसले नेता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण पुढे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला गेले, १६८७ साली मोगलांनी हे शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना देऊन टाकले. तेवढ्यात आज बऱ्या वस्तीत दोन खोल्यांची अनामतही भागत नाही. राजांचा गौरी महाल चिक्कपेटेत होता असे म्हणतात; त्याचा आज दगडही दिसत नाही. चिक्कपेटेत आहेत ती रेशमाची दुकाने.

म्हणून काकांनी वाद घालू नये. चपला काढून गादीवर बसावे, चहा आला तर घ्यावा आणि काकूंच्या सातव्या साडीचा पदर उलगडला जात असताना, आपण बहुधा राजांच्याच आवारात बसलो आहोत, असे समाधान मानावे. पैसे मात्र काकांनीच द्यायचे आहेत.