बातमी शेजारी पोचूच न देणारा

"काकू, ऐकलंत का? मधल्या बंगल्यातल्या भाऊजींना कावीळ झालीय म्हणे. हिपॅटायटिस सी."

"झाली नाही गं, सापडली." काकूंनी कुंपणावरून कढीपत्त्याची डहाळी माझ्या हातात दिली. त्यांची उभी हयात रक्तपेढीच्या लॅबमध्ये गेली, त्यामुळे आळीतला कुणाचाही रिपोर्ट आधी त्यांच्या ओट्यावर येतो, मग डॉक्टरकडे जातो. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात निघालं. डोळे पांढरे, भूक फर्मास. सत्त्याण्णव साली अपघातात दोन बाटल्या रक्त चढवलं होतं ना! तेव्हा रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची नव्हती. ती झाली २००१ मध्ये."

"म्हणजे इतकी वर्षं विषाणू अंगात आणि शरीराला पत्ताच नाही?"

"पत्ता लागतो. बातमी पुढे जात नाही. आता तू कशी आलीस सांगायला, तशा पेशीही शेजारी सांगतात. यकृताच्या पेशीत विषाणू शिरला की रिग-आय नावाचं प्रथिन त्याचा आरएनए ओळखतं आणि एमएव्हीएसला कळवतं. हे एमएव्हीएस मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेलं. तिथून इशारा केंद्रकात गेला की पेशी इंटरफेरॉन सोडते. म्हणजे शेजारणींना हाकच, बायांनो, दारं लावून घ्या!"

"मग?"

"मग काय, विषाणूचं एनएस३/४ए नावाचं प्रथिन त्या एमएव्हीएसलाच पडद्यापासून कापून टाकतं. २००५ मध्ये कळलं हे. आणि हे प्रथिन त्याने मुद्दाम आपल्यासाठी ठेवलेलं नाही हं. त्याची सगळी प्रथिनं एका लांबलचक साखळीत तयार होतात, ती तोडायला त्याला हे लागतंच. जाता जाता आपली हाकही बंद."

इतकं आतल्या गाठीचं माणूस आमच्या आळीत एकच आहे. नाव घेत नाही.

"सगळंच काही गप्प होत नाही," काकू म्हणाल्या. "यकृतातल्या दुसऱ्या पेशी इंटरफेरॉन सोडतातच. शंभरातले तीसेक जण गोळीशिवाय विषाणू घालवतात. उरलेल्यांच्या टी-पेशी मात्र वर्षानुवर्षं त्याच शत्रूशी झगडून थकतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचं प्रथिन वाढतं. त्याला संदेश मिळाला की पेशी हात आखडते. विषाणू तसाच, सूज तशीच, यकृतावर वण चढत जातात. काहींना वीस-तीस वर्षांनी सिरॉसिस."

"वहिनींनी काविळीची माळ आणलीय त्यांच्यासाठी."

"माळ! अगं, बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरात पंचाण्णवांहून जास्त बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट मिळतात. फक्त आधी आरएनएची तपासणी करून घ्यायला सांग. नुसता अँटीबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता आहेच असं नाही, बरं झाल्यावरही तो वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येतो. लोक उगाच घाबरतात."

"गोळ्या झाल्या की सुटले म्हणायचे?"

"विषाणूतून सुटले. पण थकलेल्या टी-पेशी पूर्ववत होतातच असं नाही, आणि पुन्हा लागण होऊ शकते. बीला लस आहे, सीला अजून नाही. म्हणून दाढीचं ब्लेड, टूथब्रश आपापला, सुई नवी."

"समोरच्या मावशींनी त्यांचा चहाचा कपसुद्धा वेगळा काढलाय."

काकूंचा आवाज चढला. "कपाने नाही पसरत! ताटाने नाही, हात धरल्याने नाही. रक्ताने पसरतो. मावशींना म्हणावं, तो कप परत मांडणीत ठेवा. आणि रिपोर्ट गावभर केलात ते आधी बंद करा." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं झालं. मग एकदम म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना शेवटच्या बाळंतपणात रक्त दिलं होतं ना? कधी?"

"नव्वद-एक्क्याण्णव असेल."

"मग त्यांची तपासणी झालीय?"

झालेली नव्हती. तुमच्याही घरी २००१ च्या आधी कुणाला रक्त चढवलं असेल, तर एकदा अँटी-एचसीव्ही, म्हणजे सीच्या अँटीबॉडीची, तपासणी करून घ्या. सरकारी कार्यक्रमात तीही मोफत आहे.