पट बंद, वही चालू

२०२५च्या फेब्रुवारीत माझा भाचा बैलांच्या शर्यतींचा पट पाहायला पुण्याहून भंडाऱ्याला आला, तो तोंड पाडूनच. नोकरी गेली असावी असा अंदाज करून आमच्या हिने त्याच्या ताटात भाताचा आणखी एक डाव वाढला. आमच्या धानाच्या जिल्ह्यात दुःखावर हा पहिला उपाय. आनंदावरही हाच. भात पोटात गेल्यावर पोरगा बोलता झाला. 'फुटबॉल मॅनेजर' नावाच्या संगणकावरच्या खेळाची त्या वर्षीची आवृत्ती कंपनीने रद्द केली होती.

"मग दुसरा फुटबॉल खेळ," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. या खेळात आपण चेंडूला पाय लावायचाच नसतो म्हणे. आपण व्यवस्थापक. कुणाला विकत घ्यायचं, कुणाला बाकावर बसवायचं, सराव कसला घ्यायचा, एवढंच ठरवायचं. प्रत्येक खेळाडूच्या एकेका गुणाला एक ते वीसमधले मार्क असतात, ते वाचत रात्र काढायची. मग सामना आपोआप होतो आणि आपण तो बघत हळहळायचं.

"म्हणजे पैसे देऊन चिडचिड," ही म्हणाली. "मी तर ती फुकटात करते."

ओसरीवर आमचे काकाजी सुपारी कातरत बसले होते. "किती साल बंद राहीन गा तुझा खेळ?"

"एक वर्ष, आबाजी."

"एकच?" काकाजी असे हसले की त्यांना ठसका लागला.

त्यांचं हसणं रास्त होतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि आमचा शंकरपट थांबला, तो १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळेपर्यंत. साडेसात वर्षं. टोकदार तुतारी टोचणं, शेपूट पिरगाळणं, हे कोर्टाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. काकाजीही ते मान्य करतात, फक्त दुसऱ्यांच्या बैलांबाबत.

भाच्याचं दुःख मात्र मोठं होतं, कारण त्याला वाटून घ्यायला माणूस नव्हता. इंग्लंडात हा खेळ घरोघर, आणि आपल्याकडे नाव काढलं तर लोक विचारतात, "कोणत्या कंपनीत मॅनेजर?" असं का, याची कारणं त्याने मला रात्री अकरापर्यंत सांगितली. इंग्लंडात पोरांच्या खोलीत संगणक लवकर आला. १९८२ साली केव्हिन टॉम्स नावाच्या माणसाने 'फुटबॉल मॅनेजर' काढला, दहा वर्षांनी कॉलियर बंधूंचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला, त्याचा वंश म्हणजे भाच्याचा खेळ. स्वीडनचा 'हॅटट्रिक' १९९७चा. त्यात लीगचा सामना आठवड्यातून एकदाच. तिथल्या हिवाळ्याला ही गती बरी पडत असावी. आणि अमेरिकेत नावाजलेला बेसबॉलचा व्यवस्थापन-खेळ लिहिला कुणी? मार्कस हाइनझोन या जर्मन माणसाने! जर्मनीत बेसबॉलला कोण विचारतं? पण आकड्यांचा तक्ता समोर आला की जर्मन माणसाला राहवत नसावं, असं माझं मत. जर्मन माणूस मी एकही पाहिलेला नाही.

आमच्याकडे संगणक भेटला तो तासाच्या भाड्याने. तासाभरात फुटबॉलचा अख्खा मोसम कसा उरकणार? पुढे थेट मोबाइल हातात आला. क्रिकेटचाही असा खेळ १९९८ला निघाला, पण तोही इंग्लंडातच. २००८च्या आयपीएल लिलावापर्यंत खेळाडू विकत घेता येतो हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्यापुढे होती ती निवड समिती, आणि ती दर पानठेल्यावर बसलेलीच असायची, तर्री-पोहे खात. तिला संगणक कशाला?

शिवाय व्यवस्थापनाची हौस आम्ही शाळेतच भागवून घेतली होती. इतिहासाचं पुस्तक अंदाजे उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आला की आउट. डाव्या पानावर आकडा नेहमी समच, त्यामुळे आमच्या सामन्यात एकेरी धाव कुणी कधी काढली नाही. आठ आला की भांडण. गावसकरला मी सातवीत तीनदा संघातून काढलं आणि त्या पुस्तकातला एकही राजा मला परीक्षेत आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी भाच्याला आपली वही दाखवली. लाल पुठ्ठ्याची, लांबोडकी, किराणा दुकानात उधारीला असते तशी. आधीच्या पानांवर खरे पट: गाव, जोडी, ती हाकणारा धुरकरी, किती सेकंद. मग २०१४ येतं, आणि वही थांबत नाही. बंदीच्या काळातही दर हिवाळ्यात पट भरलेले. ढेप किती चारली, कोणत्या पायाने बैल आधी सुटला, कुणाचा धुरकरी फोडला, सगळी नोंद. दोस्तमंडळी ओसरीवर बसून तोंडीच जोड्या सोडत, आरडाओरडा करत, आणि काकाजी निकाल लिहीत. आपल्या पांढऱ्या बैलाला त्यांनी खऱ्या जगात २०१६ला विकलं होतं. वहीत तो २०१९पर्यंत हरला नाही, पुढे वयोमानानुसार निवृत्त झाला. शेजारच्या गावी एका दोस्ताकडेही अशीच वही आहे. तिच्यात त्याच शर्यती उलट्या लागलेल्या आहेत.

भाचा भारावून पानं उलटत होता. "मामा, हा तर अस्सल मॅनेजर!" आणि एका पानाशी थबकला. परवानगीनंतर काकाजींनी नवी जोडी घेतली होती, तिचा पहिला खरा पट. तो मी स्वतः पाहिला आहे. जोडी सुटली ती नीट, पण निम्म्यात उजवीकडे वळली आणि फुटाण्यांच्या दुकानात शिरली. धुरकरी बोंबलत मागे, त्याच्या मागे दुकानदार. जत्रेतली पोरं फुटाणे वेचत राहिली. वहीत त्या तारखेपुढे एवढंच होतं: 'पाऊस. पट रद्द.'

"आबाजी, हे तर आम्हीपण करतो," भाचा म्हणाला. "सामना हरलो की सेव्ह न करताच बंद करायचं. मग पुन्हा पहिल्यापासून."

काकाजींनी वही त्याच्या हातातून काढून घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली.

"आलता ना गा थोडासा," ते म्हणाले.