आगाऊ रसिक

गाणं आधी ऐकायचं आणि मग रेकॉर्ड घ्यायची, ही पद्धत ज्यांच्या अंगवळणी होती ती पिढी आता गुडघेदुखीच्या वयात आहे. मुंबईत काळा घोड्याला रिदम हाउस होतं. तिथल्या छोट्याशा खोलीत उभं राहून दोन-तीन गाणी ऐकायची, खिसा चाचपायचा आणि 'पुढच्या पगाराला बघू' असं म्हणून बाहेर पडायचं, यात कित्येकांचं तारुण्य सुखात गेलं. 2016 साली ते दुकान बंद झालं. आगाऊ रसिकाला त्याचं दुःख आहेच, पण ऐकून घेणाऱ्यांची त्याला थोडी कीवही येते. ऐकल्यावर काय, कोणीही घेईल! त्याचं बुकिंग होतं तेव्हा अल्बममधलं जेमतेम एक गाणं बाहेर आलेलं असतं. बाकी हाताशी असतं मुखपृष्ठाचं चित्र, रेकॉर्डचा रंग आणि 'फक्त पाचशे प्रती' हे तीन शब्द. यांतला निर्णायक भाग कोणता, हे सांगायला नको.

वय चाळीस-पंचेचाळीस, नोकरी संगणकातली, घर बाणेर-बावधनकडे. घरातलं दूध संपलंय हे त्याला सकाळी चहा मागितल्यावर कळतं. पण अमेरिकेतल्या कुठल्या दुकानात कुठल्या रंगाच्या किती प्रती उरल्यात हे तोंडपाठ असतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांना विक्री उघडायला नेमकी हीच वेळ आवडते. त्यामुळे टँकरच्या बिलावरून सोसायटीची सभा ऐन रंगात आलेली असताना आमचा हा दहा पंचवीसला खुर्ची मागे सारतो. नवख्या सभासदांना तो सभात्याग वाटतो.

घरी लॅपटॉप उघडा, पत्ता आधीच भरलेला, बोट बटणावर. साडेदहा. रेकॉर्ड कार्टमध्ये पडते आणि खरा सामना तिथून सुरू होतो, कारण कार्डाचा ओटीपी वहिनींच्या मोबाइलवर येतो. ही व्यवस्था कोणी केली, कधी केली, यावर दोघांची मतं वेगळी आहेत.

"ओटीपी सांग लवकर!"

"सांगते. किती आहे?"

"सहा आकडी."

"रक्कम विचारतेय मी."

एवढ्या संभाषणात पाचशे प्रती खपलेल्या असतात. मग तो लंडनच्या दुकानाकडे वळतो. तिथे 'आमच्या दुकानापुरता' म्हणून आणखी एक वेगळा रंग काढलेला असतो. तो मिळतो आणि पोस्टेज रेकॉर्डपेक्षा जास्त पडतं. हे वहिनींना दुसऱ्या दिवशी समजतं.

त्याचे वडील स्कूटरवाले. आकुर्डीत बजाजचा कारखाना, पुणेकरांच्या उंबऱ्यावर, तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नंबर आला की ती गाडी 'ऑन' घेऊन दुसऱ्याला विकता येई, आणि कित्येक घरांत मुलीच्या लग्नाच्या हिशेबात हा ऑन धरलेला असे. काकांनी तो सगळा काळ सरकारच्या नावानं बोटं मोडत काढला. एक स्कूटर मिळवायला माणसाला इतकं झिजवायचं? पुढे वाटेल ती गाडी शोरूममध्ये जाऊन त्याच दिवशी आणता यायला लागली. आणि आता त्यांचा मुलगा, ज्याला जगातलं जवळपास प्रत्येक गाणं मोबाइलवर आत्ता, या क्षणी ऐकता येतं, तो जादा पैसे मोजून रांगेत उभा राहतो, नऊ महिने थांबतो आणि पावती जपून ठेवतो. टंचाई फुकट होती तेव्हा कोणालाच नको होती. ऑन मात्र टिकून आहे. डिस्कॉग्ज नावाच्या बाजारात पाचशे प्रतींतली एखादी रेकॉर्ड लोकांच्या हाती पडते न पडते तोच दुप्पट भावाला लागलेली असते. आमचा हा तिथे दररोज भाव बघतो, विकत काहीच नाही. "नुसतं कळावं म्हणून," असं म्हणतो. काका डीमॅटचं खातंही असंच उघडून बघतात.

थांबण्याचा काळ हा त्याचा सुगीचा काळ. चार-सहा आठवड्यांनी कंपनीचा मेल येतो, 'छपाईला उशीर होत आहे, क्षमस्व.' दुसरा कोणी असता तर चिडला असता. याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. उशिराची कारणं तो पदरच्या माहितीची भर घालून समजावतो. लॅकरचा थर दिलेल्या ज्या तबकडीवर मूळ खाचा कोरतात, तशा तबकड्या बनवणारे जगात मोठे असे दोनच कारखाने होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स 2020 च्या फेब्रुवारीत जळाला, उरला जपानमधला. पुढल्याच वर्षी अडेलचा '30' आला, त्याच्या पाच लाखांवर रेकॉर्डी आधीच छापून ठेवल्याच्या बातम्या आल्या आणि छोट्या बँडवाल्यांनी 'आमच्यासाठी मशीनच रिकामं नाही' म्हणून बोंब मारली. हे सगळं तो बँडशी घरोबा असल्यासारखं सांगतो. मागणीही खोटी नाही. 2022 मध्ये अमेरिकेत रेकॉर्डी 4 कोटी 10 लाख खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. रेकॉर्डींनी नगांमध्ये सीडीला मागे टाकलं ते 1987 नंतर पहिल्यांदाच. हे आकडे त्याने वहिनींना बचाव म्हणून ऐकवले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यातल्या आपल्याकडे किती?"

मग एक दिवस खोकं येतं. कुरिअरचा पोरगा दारातच कस्टम ड्युटीचे पैसे मागतो, आणि ते देताना हा खोक्याचे चार कोपरे अंगठ्याने दाबून बघत असतो. कोपरा दबलेला असला की घरावर सुतक येतं. बाकी सोहळा ठरलेला. वरचं प्लॅस्टिक फाडायचं नाही. ज्या बाजूनं रेकॉर्ड बाहेर येते तेवढ्याच कडेला ब्लेड फिरवायचं, कारण प्लॅस्टिकवर कंपनीचं स्टिकर असतं आणि स्टिकर गेलं की किंमत गेली. मागे हातानं लिहिलेला क्रमांक बघायचा: 317/500. तबकडी बोटांच्या टोकांनी कडेला धरून उजेडाकडे तिरकी करायची. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यात कोरणाऱ्या कारागिराने काही खरडलंय का ते भिंगातून वाचायचं. मग वहिनींचा केकचा वजनकाटा. स्टिकरवर 180 ग्रॅम लिहिलेलं, काटा 176 दाखवतो. वर ठेवून काढतो, पुन्हा ठेवतो. "रवा मोजताना बरोबर असतो," असं स्वयंपाकघरातून येतं.

एकदा पिवळ्या तबकडीवर तांबडे शिंतोडे उडवलेली खास प्रत आली होती. काकूंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "अरे, पुसून घे आधी, हळदीकुंकू सांडलंय कुणीतरी." 'स्प्लॅटर' म्हणजे काय, ती प्रत्येक तबकडी वेगळी कशी, हे त्याने त्यांना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि आपल्या एचएमव्हीच्या गीतरामायणातली एखादी लावतोस का, असं विचारलं. तर सुई झिजते म्हणाला.

नवीन आलेली रेकॉर्ड लागते असं मात्र समजू नका. ती फडताळात जाते. ऐकायला मोबाइल आहे की! यात तो एकटा नाही. अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड घेतलेल्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र आहे, असं ल्युमिनेट या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत निघालं. याच्याकडे यंत्र आहे, पाणसळ लावून ठेवलेलं आहे, आणि त्याच्यावर झाकण आहे. घरातला खरा उपयोग मुलीनं काढला. टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' 2022 मध्ये अनेक रंगांत आला. त्यांतल्या चार वेष्टनांच्या पाठी एकमेकींना जोडल्या की घड्याळ होतं, काटे आणि यंत्र वेगळे पैसे देऊन घ्यायचे. "बाबा, चारही लागतील," एवढंच ती म्हणाली. बापाला अभिमानानं भरून आलं. ते घड्याळ हॉलमध्ये लावलंय, पाच मिनिटं पुढे.

कानांबद्दल विचारलं तर मात्र तो मऊ होतो. डिजिटल आवाज त्याला बोचतो. टेपवरून थेट खाचेत उतरलेलं गाणं डोळे मिटून ओळखतो, असा त्याचा दावा, आणि त्यासाठी तो मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या मर्यादित आवृत्त्या घेत असे. 2022 च्या जुलैत उघड झालं की त्या कंपनीच्या अशा बऱ्याच रेकॉर्डींत कित्येक वर्षांपासून मधली एक पायरी डिजिटलच होती. जगभरच्या तीक्ष्ण कानांपैकी एकालाही ती बोचली नव्हती. आठवडाभर तो फारसं बोलला नाही. नंतर म्हणाला, "चांगलं डिजिटल वेगळं."

त्याचा खरा घाव दुसरा. एखाद्या सकाळी 'फक्त पाचशे प्रती' म्हणणारी कंपनीच तीच रेकॉर्ड त्याच रंगात पुन्हा छापणार असल्याचं जाहीर करते, लोकाग्रहास्तव. गाणी तीच, आवाज तोच, फडताळातली प्रतही जागच्या जागी, पण तिच्यातलं काहीतरी निघून गेलेलं असतं. मी सांत्वनाला म्हटलं, "बरंच झालं की, आणखी पाचशे लोक ऐकतील." त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी काकांच्या स्कूटरचा नंबर दुसऱ्याला देऊन टाकल्यासारखं.

परवा जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर मी हट्टानं म्हटलं, आज एक तरी लाव. झाकण निघालं. ब्रश फिरला, सुईवर फुंकर नाही तर खास द्रावणाचा थेंब, दिवा मंद. एका गायिकेची जाड, दोन तबकड्यांची खास आवृत्ती. तेवढ्यात भिंतीवरच्या टेलरबाईंनी साडेदहा दाखवले. पाच मिनिटं पुढे असूनही त्याचा धीर सुटला. सुई टेकवली आणि तो आतल्या खोलीत पळाला. वहिनी मोबाइल घेऊन मागोमाग गेल्या.

गाणं सुरू झालं. संथ, खर्जातलं, एकेक अक्षर सावकाश ओढत नेणारं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी वेष्टन हातात घेतलं. त्यावर विशी-बाविशीतली मुलगी गिटार घेऊन उभी होती, आणि खाली कोपऱ्यात ठळक छापलेलं होतं, 45 आरपीएम. यंत्राचं बटण 33 वर होतं.

"ऐकतोयस ना?" आतून हाक आली. "वॉर्म्थ बघ! मोबाइलवर हे येणार आहे का?"

"हो रे," काकू म्हणाल्या, "बुवांचा आवाज भारदस्त आहे."

"सहाशे बारा, पुढे? पुढे काय?" आत तो ओरडत होता.