फ्लेक्सवरची पट्टी

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. महिला मंडळाच्या त्या फ्लेक्सचं कळलं का काही? नाही? मग ते तांदूळ निवडायचे राहू देत दोन मिनिटं.

सिनेमातल्या सुलोचनादीदींचा जन्मदिवस ३० जुलैचा. त्या दिवशी हॉलमध्ये त्यांचा फोटो लावायचा, ही कल्पना हेडबाईंची. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण आम्ही सगळ्या अजून त्यांच्या पाचवी अ मध्येच! फोटो मात्र सुरेख निवडला हो. ‘मराठा तितुका मेळवावा’तल्या जिजाऊंचा, डोक्यावरून पदर घेतलेला. आणि खाली हे एवढाल्या अक्षरांत, ‘दादासाहेब फाळके पुरस्काराच्या मानकरी’. मला तिथंच खटकलं. पण हेडबाईंपुढे बोलणार कोण...

बोलली ती मधल्या घरातली नवी सून. पोह्यांच्या डिश फिरवता फिरवता हळूच म्हणाली, “काकू, दीदींना फाळके नव्हता मिळाला.” हेडबाई हसल्या. “अगं, १९७३ सालचा आहे. यादीत सुलोचना म्हणून स्पष्ट लिहिलंय.” तर ही म्हणते कशी, “त्या सुलोचना वेगळ्या. रूबी मायर्स.”

बायकांच्या हातातले चमचे थांबले! मूकपटातली हिरॉइन हो ती, ज्यू घरातली, जन्म पुण्याचा. आधी टेलिफोन ऑपरेटर होती, मग पडद्यावर आली ती सुलोचना होऊन. आपल्या दीदी खडकलाटच्या. त्यांचं नाव दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी ठेवलं, डोळे बघून, तेही कितीतरी नंतर. हेडबाईंचा चेहरा असा उतरला, की मी आपला चष्मा पुसायला घेतला.

त्यात आमच्या जाऊबाई. मधे पडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. “पण पद्मश्री तर मिळाली होती ना, २०२२ला? मी टीव्हीवर पाह्यलंय!” कपाळाला हात लावला मी. त्या सुलोचना चव्हाण, लावणीच्या! दीदींची पद्मश्री १९९९ची. आता एका नावाच्या तीन बायका आणि तिघीही मोठ्या, तर त्याला आपण तरी काय करणार म्हणा...

तर काय सांगत होते? हां, फाळके. तिसऱ्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, दीदी गेल्या २०२३च्या जूनमध्ये, आता गेलेल्या माणसाला कुठे देतात? म्हटलं, न द्यायला काय झालं? पृथ्वीराज कपूरना गेल्यावरच दिला, विनोद खन्नांनाही. आणि २०२२मध्ये आशा पारेखना जाहीर झाला तेव्हा दीदी होत्या की! आशाबाईंबद्दल आकस नाही हो माझा, पण दीदींना आधी द्यायला हवा होता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. राज्यानं २००९चा महाराष्ट्र भूषण दिला, फिल्मफेअरवाल्यांनी जीवनगौरव दिला. दिल्लीला मात्र... जाऊ दे.

एक सांगते, मनात राहिलंय. हे सगळं चाललेलं असताना पलीकडच्या आजी आल्या. त्यांना ना फाळके ठाऊक, ना भूषण. पण ‘सुजाता’त नूतनला लेकीसारखी वाढवणारी ती, ‘मजबूर’मधली अमिताभची आई ती, एवढं पक्कं. फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि आधी आपला खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला. घरात मोठं माणूस आल्यावर करतात ना, अगदी तसा. मग म्हणाल्या, “हार मोगऱ्याचा आणा गं, तो प्लास्टिकचा नको.”

शेवटी काय, नवा फ्लेक्स छापायला पैसे कोण देणार? हेडबाईंनी पांढरा कागद कापला, स्केचपेननं ‘महाराष्ट्र भूषण’ लिहिलं आणि सेलोटेपनं पट्टी चिकटवली. जागा पुरली नाही, तर शेवटचा ‘ण’ मुंगीएवढा झालाय. त्या सुनेला थँक्यू म्हणायचं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही, पण पोह्यांची दुसरी डिश स्वतः नेऊन दिली तिला!

संध्याकाळी याच बघायला. फ्लेक्सच्या मागचा दिवा लागला, की पट्टीखालचं ‘फाळके’ अजून स्वच्छ वाचता येतं.