थांब म्हणायची सोय

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रीलाही दिवसाचीच गर्दी असते. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, तांबडे आकडे जरा डळमळून स्थिरावतात आणि खिडकीतला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कुरकुरत पावती बाहेर काढतो. वरची प्रत पांढरी, खालच्या गुलाबी, पिवळ्या. लेझर प्रिंटर कितीही देखणा असो, खालच्या प्रतीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. तिथे सुयांनी ठोकावंच लागतं. म्हणून हा म्हातारा अजून नोकरीवर आहे.

अडचण एवढीच, की त्याचं सगळं बोलणं सीरियल केबलमधून चालतं. तिची जुनी मर्यादा पन्नास फुटांची, आणि हिशेब तर आता पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरवर. मग मध्ये एक डबी बसवतात, टर्मिनल सर्व्हर. १९८०च्या दशकात ती टर्मिनलचे पडदे नेटवर्कला जोडायची. ते पडदे गेले. देशमुखी गेल्यावर आडनाव उरावं तसं डबीचं नाव तेवढं उरलं. तिच्यामुळे प्रिंटरला आयपी पत्ता मिळतो, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो. आपण अजून जुन्याच कॉम्प्युटरला जोडलेले आहोत, अशा समाधानात तो छापत राहतो.

मला मोह पडतो तो त्या नऊ पिनांच्या पोर्टाचा. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं, म्हणजे अदबीच्या काळातलं. नऊपैकी बोलायला दोनच पिना, एक अर्थिंगची, उरलेल्या सहा निव्वळ शिष्टाचाराच्या. ‘मी जागा आहे.’ ‘पाठवू का?’ ‘पाठव.’ एक पिन तर फोनची घंटा वाजायची वाट बघत बसलेली; मोडेम कधीचा गेला, हे तिला सांगायचं कुणाच्या जिवावर येणार?

९६०० बॉडने सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात, सुयांना तेवढा वेग झेपत नाही. बफर भरत आला की प्रिंटर ‘थांब’ म्हणतो. डबी थांबते, तीही भरली की नेटवर्कला थोपवते, आणि तो बलाढ्य सर्व्हर मुकाट्याने उंबऱ्यापाशी उभा राहतो. माझे वडील फोनवर नंबर लिहून घेताना असंच करायचे. “थांब जरा,” म्हणून पेन शोधायचे, कागद शोधायचे, चष्मा तर शोधायचेच, मग सावकाश, “हं, सांग आता.” पलीकडचा माणूसही थांबायचा.

जोडणीची घाई असली की कुणीतरी तीनच तारा जोडतो आणि बाकीच्या फालतू समजून सोडून देतो. सेटिंगमधलं ‘थांब’ही चालू करायचं राहतं. एरवी चालून जातं. मग भर हंगामात, पावत्यांची रीघ लागली की, मधलीच अक्षरं गळतात. शेतकरी पावती दिव्याखाली धरून म्हणतो, “साहेब, माझं अर्धंच नाव आलंय.” खिडकीतून उत्तर येतं, “नेटवर्कचा घोळ आहे, मामा.” घोळ नेटवर्कचा नसतो. ‘पाठवू का?’ एवढं विचारायचं राहून गेलेलं असतं.