एकशे एक्कावन्नावं युनिट

मार्गशीर्ष लागला की उज्जैनच्या फ्रीगंजात, जुन्या मराठी घरांच्या गच्च्यांवर रात्री दहाच्या सुमारास एक गृहस्थ अवतरतात. डोक्याला कानटोपी, एका हातात दुधाचं पातेलं, दुसऱ्यात वीट. वीट झाकणावर ठेवायची, मांजरासाठी. असे काका गल्लीत एक तरी असतातच.

मांजरापेक्षा मोठा शत्रू म्हणजे एकशे एक्कावन्नावं युनिट. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर दीडशेच्या आत राहिला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. ओलांडला की सवलत गेली. म्हणून काका पंचांग नंतर बघतात, मीटर आधी.

जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली येतो. मग फ्रिज कशाला? स्विच बंद. चक्का, कढी, उरलेले गराडू, सगळी वरात गच्चीवर. कुणी हसलंच, तर काका अलाहाबाद काढतात. तिथे थंडीत खड्ड्यात उसाची चिपाडं पसरून त्यावर मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी ठेवत आणि पहाटे बर्फ गोळा करत. निरभ्र आकाशाकडे उष्णता निघून जाते, म्हणून हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी पाणी गोठतं. रॉबर्ट बार्करने 1775 मध्ये हे छापलंसुद्धा! एवढं झाल्यावर पुतण्या गप्प बसतो.

नातू बसत नाही. काका रात्रभर गच्चीवर गारठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळी फ्रिज चालू करून आत कोंबतात, ‘थंडी साठवायला’.

“आजोबा, बाटली दहा अंशांवर, फ्रिज चारवर. तुम्ही आत ऊब भरताय.”

काका बाटलीला हात लावून बघतात. गारच तर आहे!

दुपारी पारा पंचविशीला टेकतो आणि वर विसरलेली कढी फसफसते. ती काकू मुकाट्याने ओतून टाकतात. काकूंची पद्धत जुनीच: तापलेलं दूध परातभर पाण्यात ठेवायचं, पूर्ण निवलं की मगच फ्रिजमध्ये. खरी बचत याच परातीत आहे, पण तिला इतिहास नाही, त्यामुळे काकांच्या लेखी ती नाहीच.

फ्रिजच्या पाटीवर वर्षाला 200 युनिटं लिहिलेली. म्हणजे दिवसाला सरासरी अर्ध्याहून जरा जास्त. थंडीत तो तसाही कमीच चालतो. रात्रभर बंद ठेवून काकांच्या पदरात पडतं ते पाव युनिटाच्या आसपास.

महिन्याचा शेवटचा दिवस. मीटर 149 वर. काका विजयी मुद्रेने खाली येतात, तर न्हाणीघरातून वाफ. दोन किलोवॅटचा गीझर पाऊण तास चालू.

“अगं, आत कोण आहे?”

“कुणी नाही,” काकू म्हणतात, “तुमच्याच आंघोळीचं पाणी.”